साथीदारांची बिदागी

कर्करुग्णांच्या मदतीसाठी गावातले गायक-वादक एकत्र येऊन मैफल करतात, तेव्हा शेवटी व्यासपीठावरून सगळ्यांचे आभार मानले जातात. प्रायोजकांचे, प्रमुख पाहुण्यांचे आणि उदंड प्रतिसाद देणाऱ्या रसिकांचे. ते मनापासूनच असतं. तरी अशा वेळी मला वाटत राहतं, की आज दान नेमकं कोणी दिलं याचा हिशेब नीट मांडला गेलेला नाही.

रसिकांपासून सुरुवात करू. आपण तीनशे रुपयांचं तिकीट काढलं आणि तीन तास गाणं ऐकलं. एरवीही त्या गाण्यासाठी तेवढे पैसे दिलेच असते. म्हणजे पैशांचा मोबदला पुरेपूर पदरात पडला. यात गैर काही नाही, पण ‘आपण मदत केली’ हे समाधान सोबत घेऊन घरी जाणं मला पटत नाही. आपलं देणं तिकिटाच्या किमतीच्या पुढे सुरू होतं.

मग दिलं कोणी? माझ्या मते सगळ्यात जास्त दिलं ते तबला, पेटी, तालवाद्यं घेऊन मागे बसलेल्या माणसांनी. मुख्य गायकाचं नाव पत्रिकेत ठळक छापलेलं असतं. साथीदारांची नावं तळाशी एका ओळीत बसवलेली. जिल्ह्याच्या गावातला तबलजी कसा जगतो हे जवळून पाहिलं, की त्या ओळीचं वजन कळतं. सकाळ-संध्याकाळ क्लास, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना साथ, आणि वर्षाची खरी कमाई गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट या मोजक्या दिवसांत. बाकीचे महिने त्यावर काढायचे. 2020 साली टाळेबंदी लागली आणि कार्यक्रम थांबले, तेव्हा यातल्या कितीतरी घरांत दुसरा आधार नव्हता.

हा माणूस कार्यक्रमाच्या तास-दीड तास आधी येतो. रंगपटात कोपरा धरून दायाच्या गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देत, गट्टे सरकवत सूर जुळवत बसतो. शाईचे टवके उडाले की पुडी बदलावी लागते, तो खर्च त्याचाच. त्याच वेळी बाहेर सभागृहाचं भाडं भरलेलं असतं, ध्वनिव्यवस्थेचे पैसे चुकते होत असतात, छपाई आणि चहा-नाश्त्याची बिलं तयार असतात. हे सगळे आपापले पैसे घेऊन जाणार आणि त्यांनी ते घ्यावेतच. बिदागी मात्र एकट्या वादकानं सोडायची असते, कारण ‘चांगल्या कामासाठी आहे’ असं त्याला फोनवर सांगितलेलं असतं. या वाक्यापुढे नाही म्हणायची सोय नसते. पुढच्या महिन्यातल्या पैशांच्या कार्यक्रमाला बोलावणारे बहुधा हेच लोक असतात, हे दोघांनाही ठाऊक असतं.

ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून घेतलेल्याला मी दान म्हणणार नाही.

कलेतून निधी उभा करण्याची आपली परंपरा जुनी आणि मोठी आहे. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. ‘संयुक्त मानापमान’चा तो प्रयोग अजून सांगितला जातो. दोघंही आपापल्या नाटक कंपनीचे कर्ते होते. स्पर्धा बाजूला ठेवून काय द्यायचं, हे ठरवण्याइतके ते मोकळे होते. मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ कलाकार बिदागी न घेता हजेरी लावतात. तिथे येणाऱ्याला श्रद्धा घेऊन येते. अशी मोकळीक आपल्या गावातल्या पेटीवाल्याला आहे का, एवढंच पाहायचं आहे.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. प्रत्येक साथीदाराला नेहमीची बिदागी नेहमीसारखी पाकिटात घालून कार्यक्रमाआधीच द्यावी. पावतीपुस्तक वेगळं, दाराशी ठेवावं. ज्याला वाटेल तो पाकिटातले काही, किंवा सगळे पैसे तिथे जमा करील. पावती त्याच्या नावावर फाडावी आणि देणगीदारांच्या यादीत ते नाव यावं. यानं कर्करुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेच्या हाती कमी पैसे पडतील, असं आयोजक म्हणतील. कदाचित पडतील. पण वादकांना पैसे दिल्यावर काहीच उरत नसेल, तर तो कार्यक्रम वादकांच्याच खिशातून चालला होता असा त्याचा अर्थ होतो. त्यापेक्षा दारोदार वर्गणी मागितलेली बरी.

आणि हे पैसे लागतात कशाला, हेही श्रोत्यांना नीट सांगायला हवं. परळचं टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झालं. देशभरातून माणसं तिथे येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांच्या उपचारांचा मोठा भार हलका होतो. पण रेडिएशन बहुतेकदा आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतं. रोजचं काम काही मिनिटांचं, मात्र त्यासाठी मुंबईत राहावं लागतं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर उपचार दोन-तीन वर्षं चालतात. आई मुलाजवळ, बाप रोजगार सोडून दोघांच्या मागे, गावी दुसरी भावंडं आजीकडे. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबं आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. राहण्या-जेवण्याची सोय नाही म्हणून उपचार अर्धवट टाकून परत गेलेलं मूल, जे वाचू शकलं असतं, ही मला या साऱ्यातली सगळ्यात सहन न होणारी गोष्ट वाटते.

गाडगे महाराजांनी हे ओळखलं होतं. कीर्तनातून लोकांना जागं करायचं आणि जमेल त्या पैशातून धर्मशाळा बांधायच्या. स्वतःसाठी त्यांनी त्यातलं काही ठेवलं नाही. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात.

प्रायोजकाबद्दलही एक बोललं पाहिजे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि वेलचीच्या नावानं त्याच घराण्यांच्या जाहिराती झळकतात. तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखू आणि सुपारी आहे. अशा जाहिरातीचा फलक कर्करुग्णांच्या मैफलीमागे लागता कामा नये, मग तो कितीही मोठ्या रकमेचा असो. रंगपटातल्या तबकातून तंबाखूचं पानही त्या दिवशी काढून टाकावं. गळ्यावर जगणाऱ्यांनी तर ते कायमचंच काढावं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मैफलीतून पैसे एकरकमी येतात, उपचार मात्र दर महिन्याला खर्च मागतात. तेव्हा दाराशी बसणाऱ्यांनी तिकिटाबरोबर दरमहा वर्गणीचा अर्जही पुढे करावा. महिना शंभर रुपये देणारी पन्नास माणसं एका सभागृहात सहज निघतील. त्यातून दरमहा पाच हजार रुपये संस्थेकडे जातील. पहिले अर्ज आयोजकांनी स्वतः भरावेत, आणि मग लोकांपुढे जावं.