घंटा आणि घरे

बीजिंगच्या दक्षिण भागात 'स्वर्गमंदिर' नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. मिंग सम्राट योंगल याच्या काळात, १४२० साली, हे मंदिर उभे राहिले. वर्षातील सर्वांत लहान दिवशी सम्राट व्रतस्थ राहून येथे 'शांग-ती'पुढे, म्हणजे आकाशीच्या प्रभूपुढे, गुडघे टेकी; प्रजेला आत मज्जाव होता. चीनमधील अनेक प्रॉटेस्टंट बंधू परमेश्वराला आजही याच नावाने हाक मारतात. मिशनरी जेम्स लेग यांनी १८७३ साली येथील संगमरवरी वेदीवर पाऊल ठेवण्यापूर्वी पायांतील जोडे काढले होते.

सत्तावीस वर्षांनी त्याच आवारात ब्रिटिश फौजेचा तळ पडला, आणि त्या फौजेत आपले हिंदी शिपाईही होते. मंदिरातील सोन्याचा मुलामा दिलेली एक कांस्यघंटा एका इंग्रज अधिकाऱ्याने उचलली. ती हिंदुस्थानात येऊन पडली. १९९४ साली भारताचे लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांनी ती चीनला परत केली. लूट इंग्रजांची होती हे खरे. पण घंटा आपल्या घरात होती, म्हणून परत करणेही आपल्याकडे आले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता दुसरी बाजू पाहा. मंदिराचे मूळ आवार सुमारे २७३ हेक्टरांचे. १९१८ साली ते सार्वजनिक उद्यान झाले खरे, परंतु पुढे त्याच्या कडांवर इमारती चढत गेल्या. नैर्ऋत्येला १९६०-७०च्या दशकांत कामचलाऊ इमारती बांधून कुटुंबांची सोय लावली गेली. खोल्या अपुऱ्या, स्वयंपाकघर सामाईक. २०१५ साली अशा ५७ इमारतींतील दोन हजारांहून अधिक कुटुंबांना हलविण्याचे काम सुरू झाले. त्यांना पर्यायी घरे देऊ केली गेली, आणि त्या कोंदट खोल्या सोडताना कित्येकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ साली बीजिंगचा मध्यअक्ष जागतिक वारसा ठरला. हे मंदिर त्याचा भाग आहे.

मग मनाला टोचते ते काय? जक्कयाने परत केले ते स्वतःच्या पदरचे. आपणही घंटा दिली ती आपल्या हातची. येथे मात्र मंदिराला त्याची जमीन परत मिळाली ती तिसऱ्याच्या चुलीखालची. ती चूल तेथे मांडायला लावणारेही तेच शासन होते. वृद्ध माणसाला नवे घर मिळते. पन्नास वर्षांचे शेजारी मिळतात काय? जीर्णोद्धार करू नये, असे मी म्हणत नाही. पण त्याचा हिशेब मांडताना देवाची जागा पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याने त्या शेजाऱ्यांना कोणत्या ओळीत लिहिले, हे मला विचारावेसे वाटते.