कापलेलं विंडोज

जुना लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला की हल्ली एक नवं उत्तर मिळतं : ‘यावर अकरा चालणार नाही, पण लाइट मारून देतो.’ लाइट म्हणजे कुणीतरी छाटून हलकं केलेलं विंडोज ११. थोड्या वेळात यंत्र सुरू होतं आणि पूर्वीपेक्षा चपळ चालतं. नवा लॅपटॉप म्हणजे ज्या घरात कित्येक महिन्यांची काटकसर, तिथे ‘हे घेऊ नका’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गरज खरीच आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, किमान ४ जीबी रॅम लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो जवळपास आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पडदा, कीबोर्ड, डिस्क सगळं ठणठणीत असलेली यंत्रं एका तारखेने म्हातारी ठरली. हा अन्याय आहे. लिनक्स मिंट किंवा लुबुंटू टाका, असं मी अनेकांना सांगतो. पण श्री-लिपीत पत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला किंवा टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याला तो सल्ला पुरत नाही.

एनटीडेव्ह या नावाने काम करणाऱ्या निर्मात्याने २०२३मध्ये ‘टायनी११’ आणलं, तेव्हा म्हणूनच त्याचं एवढं स्वागत झालं. २ जीबी रॅमवर विंडोज ११! पुढे त्याने जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. छाटणीची स्क्रिप्टच त्याने खुली केली. मायक्रोसॉफ्टकडून मूळ आयएसओ आपण उतरवायची, आणि काय काढलं जातंय ते ओळ न् ओळ वाचता येतं. एकाने पाककृती दिली आणि दुसऱ्याने झाकलेला डबा दिला, एवढा हा फरक आहे. दुकानातला पेनड्राइव्ह बहुधा डबाच असतो, या पेनड्राइव्हवरून त्या पेनड्राइव्हवर गेलेला. तो मुळात कुणी भरला, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

ही भीती कल्पनेतली नाही. २०२३मध्ये डॉक्टर वेब या कंपनीला टोरेंटवरच्या काही अनधिकृत विंडोज १० इमेजमध्ये क्रिप्टो चोरणारा ट्रोजन सापडला. तो सुरुवातीच्या ईएफआय विभाजनाचाही आसरा घेत होता, जिथे अँटिव्हायरसची नजर सहसा जात नाही. अशा यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो.

दुसरा धोका प्रामाणिक छाटणीतही आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरात विंडोज आपल्या घटकांचा साठा ठेवतं. दुरुस्त्या त्याच्याच आधारे बसतात. जागा वाचवायला तो उडवला की यंत्र हलकं होतं, पण त्याची जखम भरून यायची सोय संपते. ‘टायनी११ कोअर’मध्ये हेच केलेलं आहे, आणि ही आवृत्ती रोजच्या वापरासाठी नाही, असं निर्मात्याने स्वतः बजावलं आहे. ही सूचना दुकानापर्यंत पोचत नाही. आणि दुरुस्ती नसली की काय होतं ते आपण पाहिलंय : वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने मे २०१७मध्ये जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

म्हणून माझा आक्षेप हलकेपणाला नाही. जाहिराती काढा, खेळ काढा, स्टोअर काढा. अपडेट आणि डिफेंडर यांना हात लावू नका, आणि कात्री कुणाच्या हातात होती ते कळल्याशिवाय त्या यंत्रावर पैशाचा व्यवहार करू नका.

मायक्रोसॉफ्टकडे असं हलकं विंडोज आहेही. विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ या आवृत्तीत स्टोअर नाही, ती जुन्या संगणकांवर चालते आणि तिला जानेवारी २०३२पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. ती विशिष्ट कामांची यंत्रं बनवणाऱ्यांना विकली जाते. घरगुती ग्राहकासाठी ती नाही.