आचारधर्म आणि कथा : हिब्रू वाङ्मयातील संकलनाचा नैतिक प्रश्न

हाइम नाहमान बियालिक आणि येहोशुआ हाना रावनित्स्की यांनी 1908 ते 1911 या काळात ओडेसा येथे ‘सेफेर हा-अग्गादा’ हे संकलन प्रसिद्ध केले. तालमुद आणि मिद्राश यांत विखुरलेल्या कथा, दृष्टान्त व वचने त्यांनी वेचली, विषयवार लावली आणि अरामी भाषेतील मजकूर हिब्रूत आणला. धर्मपाठशाळेपासून दुरावत चाललेल्या पिढीच्या हाती तिचे वाङ्मयीन वित्त पडावे, हा त्यामागील हेतू होता. यातूनच एक प्रश्न उद्भवतो : जो ग्रंथ आचरणाची मागणी करतो, तो केवळ साहित्य म्हणून वाचण्याचा अधिकार कोठवर पोहोचतो?

तालमुदात ‘हलाखा’ म्हणजे आचारविधी आणि ‘अग्गादा’ म्हणजे कथन ही परस्परांत गुंतलेली आहेत. ‘बावा मेत्सिया’मधील अखनाईच्या भट्टीची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रब्बी एलिएझर यांच्या बाजूने चमत्कार घडतात, आकाशवाणीही होते. तरीही बहुमतच ग्राह्य ठरते, कारण धर्मनिर्णय आता स्वर्गाच्या हाती उरलेला नाही. सुटी वाचली तर ही मानवी विवेकाच्या विजयाची कथा होते. मूळ स्थानी मात्र ती शब्दांनी कोणास दुखवू नये या विधीच्या चर्चेत येते आणि पुढे बहिष्कृत एलिएझर यांच्या अश्रूंपर्यंत व रब्बान गमलिएल यांच्या मृत्यूपर्यंत जाते. तेथे ती विजयी पक्षालाच जाब विचारते. संदर्भ गळला की हा जाबही गळतो.

म्हणून संकलन त्याज्य ठरत नाही. त्यावाचून ही कथा अनेकांपर्यंत पोहोचलीच नसती. परंतु स्वतः बियालिकांनाही ‘हलाखा आणि अग्गादा’ या पुढील निबंधात, कर्तव्यापासून सुटलेली भावुकता अपुरी वाटली. उलट गेर्शोम शोलेम यांनी 1926 साली फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांना लिहिलेल्या पत्रात वेगळीच भीती व्यक्त केली : पवित्र भाषा व्यवहारात आणली, तरी तिच्या शब्दांत दडलेली धार्मिक शक्ती नष्ट होत नाही, ती एक दिवस उफाळून येईल. एकाला बंधन नाहीसे होण्याची चिंता, तर दुसऱ्याला ते अज्ञातपणे टिकून राहण्याची.

या दोन्ही चिंता एका ठिकाणी मिळतात : लौकिक वाचन तटस्थ नसते. विधी न पाळण्याचे स्वातंत्र्य वाचकाला आहे. पण ग्रंथाने काय मागितले होते हे जाणून घेतल्यावाचून दिलेला नकार हा निर्णय नव्हे, ते केवळ विस्मरण होय.