माळेची शपथ आणि मत

नगरपरिषदेची निवडणूक आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा माळकरी असतो आणि फार हळू आवाजात विचारतो. "बुवा, उमेदवाराच्या माणसांनी घरी पाकीट ठेवले, तुळशीच्या माळेवर हात ठेवायला लावून वचन घेतले. आता मत दुसऱ्याला दिले तर पांडुरंगाशी खोटे होत नाही का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्याला शपथेचे भय नाही तो असे विचारणारच नाही. पैशाने माणूस बांधला जात नाही हे पाकीट देणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो माळेने बांधतो. आपली श्रद्धाच त्याने हेरलेली असते.

कर्णपर्वातला प्रसंग पहा. 'गांडीव दुसऱ्याला दे' असे जो म्हणेल त्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. युद्धाच्या ऐन धुमाळीत धर्मराजच तसे बोलून बसले आणि अर्जुनाने तलवार उपसली! तेव्हा भगवंतांनी त्याला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली. दरोडेखोरांनी विचारले, माणसे कुठे लपली? सत्यव्रती कौशिकाने जागा सांगितली. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. लोकांचा ज्याने सांभाळ होतो तो धर्म, असा तिथे भगवंतांचा अभिप्राय आहे. ज्या वचनाने दुसऱ्याचा घात होतो, ते पाळण्यात सत्य नाही.

मग अडचण आली की कोणतेही वचन मोडावे काय? मुळीच नाही. आपल्या शेताचे, आपल्या पैशाचे वचन दिले असेल तर नुकसान सोसूनही पाळावे. पण मत ही आपली वस्तू आहे काय? सप्ताहात वीणेचा पहारा असतो. आपली पाळी असेतोवर वीणा आपल्या गळ्यात असते, पण ती गहाण टाकता येत नाही की विकता येत नाही, ती सगळ्यांची. मताचे तसेच आहे. जे आपले नाही ते देण्याची शपथ मुळातच पोकळ, मग ती माळेवर घेतलेली का असेना. माळेपुढे नाक घासून क्षमा मागावी आणि मत योग्य वाटेल त्यालाच द्यावे.

आणि पाकीट? पैसे ठेवून घ्यावेत, मत मात्र मनासारखे द्यावे, असा शहाणपणा काही जण सांगतात. आम्हाला तो मान्य नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेतही लाच घेणारा देणाऱ्याइतकाच गुन्हेगार आहे. ते पैसे अन्नदानात घातले तरी शुद्ध होत नाहीत. परत करावेत, एकट्याला भीती वाटत असेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून जावे.

पंढरपूरच्या मतदाराचा पहारा तर फारच जोखमीचा. आषाढीला लाखो माणसे येतात, त्यांना तिथे मत नसते. त्यांचे पिण्याचे पाणी, शौचालये, चंद्रभागेत उतरणारी घाण, ही कामे नगरपरिषदेच्या वाट्याची. यात्रेत सफाई कामगारांना हाताने मैला उचलावा लागतो, हे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ती प्रथा बंद करणारे कायदे तर १९९३ आणि २०१३ साली झालेले. ज्या वाळवंटात आपण जात न विचारता एकमेकांच्या पाया पडतो, तिथलाच मैला पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या हातांनी उचलला गेला. आणि मतपेटीपुढे गेलो की पहिली आठवते ती उमेदवाराची जात! असल्या पाया पडण्याला काय म्हणावे?

बाकी उमेदवार पारखायचा तो घरातला नोकर पारखावा तसा. मागे निवडून आला असेल तर सभेला जात होता का, गटाराची तक्रार ऐकायला दारात आला का, हे विचारावे. प्रभागात दोन जागा असल्या तर दोन मते आणि नगराध्यक्षाचे तिसरे. एकाच्या भिडेने तिन्ही वाहून टाकू नयेत. कोणीच पटला नाही तर 'वरीलपैकी कोणीही नाही' ही सोय आहे, पण घरी बसू नये.

कीर्तनकार बंधूंना एक सांगणे. नारदाच्या गादीवरून उमेदवाराचे नाव घेऊ नये. त्याने दिंडीला पाण्याचा टँकर दिला असेल, मंडपाचा खर्च उचलला असेल. आभार मानायचे तर चालकांनी मानावेत, आरती झाल्यावर, मंडपाच्या बाहेर.