फळ सोडायचे, तर ध्येय कशासाठी?

गीता वाचणाऱ्याला कधी ना कधी एक साधी अडचण पडतेच. फळाची आशा न धरता कर्म कर, असे श्रीकृष्ण सांगतात. पण ज्याला फळच नको, तो पहाटे उठेल कशाला? परीक्षा, कर्जफेड, लिहायचे राहिलेले पुस्तक; माणूस ध्येय म्हणून मनाशी धरतो ते फळच तर असते. कीर्तनात हा प्रश्न निघाला की बुवा बहुधा अभंगाकडे वळतात, टाळ वाजू लागतात आणि प्रश्न तिथेच राहतो.

लोकमान्य टिळकांनी तो सोडला नाही. 1872 च्या सुमारास वडील अखेरच्या आजारात असताना सोळा वर्षांचे टिळक त्यांना गीतेवरची ‘भाषाविवृति’ ही मराठी टीका वाचून दाखवत. अर्जुनाला लढाईला उभे करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात मोक्षाची एवढी चर्चा कशासाठी, ही शंका त्यांच्या मनात घर करून राहिली. उत्तर लिहायला निवांतपणा मिळाला तो थेट मंडालेच्या तुरुंगात. 1910-11 च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने वह्या भरल्या गेल्या आणि 1915 मध्ये ‘गीतारहस्य’ छापून आले. शंकराचार्यांच्या मते ज्ञान झाल्यावर कर्म गळून पडते. टिळकांचे म्हणणे उलट होते: ज्ञान्यालाही कर्म सुटत नाही, कारण ते लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या हितासाठी, करायचे असते. सोडायची ती फळावरची आसक्ती, कामामागचा हेतू नव्हे. सुटकेनंतर सरकारने वह्या लवकर परत दिल्या नाहीत. तेव्हा वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणाल्याची आठवण सांगितली जाते.

हे तत्त्व तपासून पाहायला सर्वांत चांगले उदाहरण मात्र टिळकांच्या गोटाबाहेरचे आहे. सामाजिक सुधारणांच्या वादात धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे त्यांच्या बाजूचे नव्हते. मुरुडच्या या गणिताच्या प्राध्यापकाने 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळीही काढली. इथपर्यंत ध्येय स्पष्ट होते: पुनर्विवाह वाढले पाहिजेत.

पण ते वाढेनात. अशा वेळी हट्टी माणूस तेच ध्येय अधिक घट्ट धरतो आणि कच्चा माणूस सोडून देतो. अण्णांनी यातले काहीच केले नाही. 1896 मध्ये त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि तिथे पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असे धोरण ठेवले. मुलींना शिकवायचे, स्वतःच्या पायांवर उभे करायचे, एवढेच. सुधारकांपैकी काहींना ही माघार वाटली. 1900 मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजमधले तास आटोपून ते तिकडे पायी जात.

पुढे तर विधवा हा शब्दही ध्येयातून मागे पडला. जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका हाती आली आणि डिसेंबर 1915 मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तसेच विद्यापीठ इथे काढण्याची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी ते सुरू झाले. 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, ते खेड्यांतल्या प्राथमिक शाळांच्या मागे लागले होते. पुनर्विवाह, आश्रम, विद्यापीठ, खेड्यातली शाळा: हेतू एकच असल्यामुळे त्यांना ध्येये बदलता आली. नेटाने टिकणे म्हणजे ठरवलेल्या गोष्टीला चिकटून राहणे, ही समजूत इथे लागू पडत नाही.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या बाबतीत ध्येय बदलले नाही, फुगले. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनाला जोड म्हणून धर्मशास्त्राचा इतिहास लिहावा, असे त्यांच्या मनात आले. वकिली सांभाळून सुरू झालेल्या त्या कामाचा पहिला खंड 1930 मध्ये आला, पाचवा 1962 मध्ये. पाने साडेसहा हजारांवर. बत्तीस वर्षांनी कुठे पोहोचू हे पहिल्या दिवशी ठाऊक असते, तर एखाद्याने प्रस्तावनेवरच भागवले असते.

मात्र या साऱ्यात एक बाजू नेहमी झाकली जाते. मोठ्या हेतूची किंमत तो बाळगणारा एकटाच मोजत नाही. आश्रमासाठी अण्णा मिळकत वळवत, तेव्हा घरचा खर्च गोदूबाईंना, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बायांना, भागवावा लागे. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र वाचावे. संसाराची ती ओढाताण तिथे आडपडदा न ठेवता आली आहे. त्याच बाया आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्याही. लोकसंग्रह करणाऱ्याच्या घरच्यांनी त्यात किती ओढले जावे, हा प्रश्न ‘गीतारहस्या’त शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. अर्जुन रणांगणावर उभा होता. घरी रोजचा स्वयंपाक कोण निभावत होते, याची चौकशी तिथे कोणी केलेली नाही.