गृहलक्ष्मी : रूपक की रूढी?

झाशीच्या जुन्या तटाला असलेल्या लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडणारी वाट लक्ष्मी तलावाकडे व महालक्ष्मीच्या मंदिराकडे जाते. दरवाजाचे नाव ऐकताच मात्र मराठी माणसाच्या मनात देवीच्या आधी राणी उभी राहते. स्त्री आणि देवता एकाच शब्दात अशा एकवटल्या आहेत. मग स्त्रीला लक्ष्मी म्हणणे हे सत्य की असत्य? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाला प्रिय व हित यांसह सत्याचीही अट घातलेली आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा राहत नाही.

‘ही लक्ष्मीसारखी’ ही उपमा. ‘ही लक्ष्मीच’ हे रूपक, कारण तेथे भेद मिटविला. असे बोलणे कसे समजून घ्यावे, हे मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तील लक्षणेच्या विचारावरून कळते. मुख्य अर्थ जुळेनासा झाला म्हणजे त्याच्याशी संबद्ध असा दुसरा अर्थ घ्यावयाचा. आणि तसे बोलण्यामागे एक तर काही प्रयोजन असते, नाही तर निव्वळ रूढी. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटले, तर घरे प्रवाहावर तरंगत नसतात. ती काठावर असतात. पण ‘गंगेवर’ म्हटल्याने तेथील शीतलता व पावित्र्य मनाला भिडते. हे प्रयोजन. उलट, ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नीट खुडून आणणारा; आज निपुण माणसाला तो शब्द लावताना दर्भाची आठवणही होत नाही. ही रूढी.

नववधू माप ओलांडून घरात येते, लक्ष्मीपूजन होते, ताटातील तांदळात तिचे नवे नाव लिहिले जाते. या घराची श्री तुझ्या हाती, हे त्या शब्दाचे प्रयोजन. वर्षभराने त्याच गृहलक्ष्मीला भाजीच्या पैशांचा हिशेब द्यावा लागतो, शेत विकताना तिला कोणी विचारीत नाही, आणि पाहुण्यांपुढे शब्द मात्र तोच राहतो. जोडा लक्ष्मीनारायणाचा असेही लोक म्हणतात. नारायणाने लक्ष्मीकडे हिशेब मागितल्याचे काही ऐकिवात नाही. जो रूपक उच्चारतो त्याच्यावर त्याचे प्रयोजन पाळण्याचा भार येतो. तो झटकला, की ‘कुशल’मधील दर्भाप्रमाणे लक्ष्मीही शब्दातून निघून जाते. काव्यात याला दोष म्हणत नाहीत. संसारात म्हटले पाहिजे.

झाशीत याच्या उलट घडले. मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका हिला १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाल्यावर लक्ष्मीबाई हे नाव मिळाले. १८५३ मध्ये पती वारले. १८५४ मध्ये कंपनी सरकारने राज्य खालसा करून राणीला निवृत्तिवेतन देऊ केले. राज्यलक्ष्मी गेली, नाव तेवढे उरले. परंतु १८५७ च्या जूननंतर कारभार तिच्या हाती आला. त्या धामधुमीत झाशीत राहिलेल्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये तिच्या दरबाराचे, न्यायनिवाड्यांचे आणि महालक्ष्मीच्या दर्शनाचे वर्णन केले आहे. पंधरा वर्षांपूर्वी लग्नात ठेवलेले नाव त्या दरबारात कोणी घेतले, तर त्याचे प्रयोजन शोधावे लागत नसे.