पाणी मारू नका

काही सांडलं, पेटलं किंवा कशाचा वास सुटला की आपला हात आधी पाण्याकडे जातो. सवय चांगलीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिनेच घरं वाचवली. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांच्या बाबतीत मात्र हीच सवय जीव घेते. ती का घेते हे एकदा उमगलं, की अशा अपघातात काय करायचं आणि काय टाळायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

सल्फास, सेल्फॉस अशा नावांनी ओळखली जाणारी ती राखाडी गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि किडे मारायचं काम हा वायूच करतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम फॉस्फीन निघतो. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री टाकून, कडा दाबून, गोळ्या ठेवल्या जातात, त्यानंतर दोन-तीन दिवस किंवा अधिक काळ वायू हळूहळू सुटत राहतो. हवा थंड आणि कोरडी असेल तर आणखी वेळ लागतो. गोळीत अमोनियम कार्बामेटही मिसळलेलं असतं. त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघतात, पेट घेण्याचा धोका कमी होतो आणि तिखट वासाने माणूस सावध होतो. थोडक्यात, या औषधाची सगळी सुरक्षितता त्याच्या संथपणावर उभी आहे. त्यावर पाणी ओतलं की तो संथपणाच संपतो. दिवसांचा वायू थोड्या वेळात एकदम बाहेर पडतो, आणि तोही माणसं जवळ असताना.

अमेरिकेत टेक्सासमधल्या अमॅरिलो शहरात जानेवारी 2017 मध्ये नेमकं हेच घडलं. एका फिरत्या घराखाली उंदीर-घुशींसाठी अशा गोळ्या टाकल्या होत्या. वास येऊ लागला तेव्हा वडिलांनी ते औषध धुऊन टाकावं म्हणून पाणी मारलं. घरात दहा माणसं होती. चार मुलं दगावली. मदतीला धावलेल्यांना आधी कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला होता; घराखाली गोळ्या टाकल्याचं नंतर कळलं. त्या बापाने जे केलं ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. म्हणून त्याला दोष देऊन पुढे जाता येत नाही. दोष त्या माहितीच्या अभावाचा आहे, आणि तो अभाव आपल्याकडेही तितकाच आहे.

फॉस्फीनला रंग नाही. लसणासारखा किंवा कुजलेल्या माशासारखा वास येतो खरा, पण त्यावर विसंबता येत नाही. कधी कधी घातक प्रमाण असतानाही वास जाणवत नाही. कामाच्या जागी आठ तासांसाठी मान्य मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 0.3 भाग इतकी कमी आहे, आणि 50 भाग झाले की ती जागा जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. लक्षणंही फसवी असतात. डोकेदुखी, मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप. घरातली दोन-चार माणसं एकदम आजारी पडली, की कुणालाही वाटतं, बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं. मग लिंबूपाणी देऊन, दारं-खिडक्या लावून माणसं त्याच खोलीत झोपवली जातात. या विषावर उतारा नाही. पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा होतो, हृदय कमजोर पडतं, फुप्फुसांत पाणी साचतं, आणि ते कधी कधी एक-दोन दिवसांनीही साचतं. म्हणून ज्याला ‘आता बरं वाटतंय’ त्यालाही दवाखान्यात नेलं पाहिजे.

वाचवायला जाणाऱ्याचंही तसंच. ओला रुमाल नाकाला लावून आत शिरणं म्हणजे पुन्हा पाण्यावरच भरवसा. फॉस्फीन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे ओलं फडकं त्याला अडवत नाही. आत जायचं ते स्वतंत्र हवेची टाकी पाठीवर असलेल्या अग्निशमन जवानांनीच. बाकीच्यांनी वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन लांब उभं राहावं, बाहेर पडू शकणाऱ्यांना हाका मारून बाहेर बोलवावं आणि बाहेर पडता पडता दारं उघडी ठेवावीत. जागा मोकळी झाली, वायूचं प्रमाण मोजून झालं, तरच परत आत जायचं. भांड्यात साठलेली भुकटी पेटली असेल तर आगीवरही पाणी नको. कोरडी वाळू किंवा कोरडी रासायनिक पावडर वापरायची.

पाण्याची एकच बाजू उरते, ती रुग्णाच्या अंगावरची. कपडे मोकळ्या हवेत उतरवून, भुकटी कोरडीच झटकून, मग अंग साबण-पाण्याने धुवायचं. पिशवीत भरलेले ते कपडे गाडीत सोबत नेऊ नयेत. गोळी पोटात गेलेल्याला उलटी झाली तर त्या उलटीतूनही वायू येऊ शकतो. रुग्णालयातल्या माणसांना तेही आधी सांगावं लागतं.

युटामध्ये 2010 साली घराजवळच्या बिळांत टाकलेल्या गोळ्यांमुळे दोन लहान बहिणी गेल्या. त्यानंतर अमेरिकेने घरांभोवती या गोळ्या वापरायला बंदी घातली आणि इमारतीपासून सुमारे 30 मीटर अंतर सक्तीचं केलं. आपल्याकडेही या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात. नियम कागदावर आहे. गोळ्या मात्र घराघरांतल्या धान्याच्या कोठीत सापडतात. पावसाळ्यात तर हवेचाच ओलावा पुरतो, पाणी मारायचीही गरज पडत नाही.

म्हणून घरात, शेजारी किंवा गोदामात कुणी ही गोळी ठेवली असेल, तर रात्री झोपायच्या खोलीपासून ती दूर आहे का हे आजच बघा, आणि 112 किंवा 108 वर फोन करायची वेळ आलीच तर पहिल्याच वाक्यात औषधाचं नाव सांगा.